शैला, पिशव्या आपोआप उघडतात

शैला, काल मीरानं तुझी वही माझ्या हातात ठेवली. तुझ्या तेराव्याला आणलेल्या भाड्याच्या खुर्च्या अजून अंगणात रचलेल्या आहेत, त्या परत पाठवायचं दिलीपला सुचलेलं नाही, आणि तुझी लेक घर आवरायला लागली आहे. म्हणाली, "आत्या, मम्मीचं अक्षर मला लागतच नाही. मराठी मी तशीही स्लो वाचते. तूच बघ, नाहीतर हे रद्दीत जाईल." तुझ्या पोटच्या पोरीला तुझं अक्षर लागत नाही आणि मला लागतं, याचा मला आधी आनंद झाला. मग लाज वाटली. पण आधी आनंद झाला, तो क्रम मी बदलून सांगणार नाही.

गेले पंधरा दिवस घरात येणारा प्रत्येक जण तुझ्याबद्दल चांगलं बोलतोय. खालच्या मजल्यावरच्या अम्मा तर तेलुगूत बोलता बोलता रडल्या, आणि त्यांना आवरता आवरता दिलीप रडला. मी कोपऱ्यात बसून चहा घेत होते आणि मनात एकच चाललं होतं, की माझ्या वेळी हे लोक काय बोलतील. "मॅडम हुशार होत्या. शिस्तीच्या होत्या." त्यापुढे कुणाला वाक्य सुचायचं नाही. तू गेलीस त्या दुःखाच्या शेजारी हे बसलेलं होतं, आणि ते उठून जायला तयार नव्हतं.

तुझा मत्सर करायला मी तुझ्या लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सुरुवात केली. तू पुण्याहून आलेली. मी तुझ्या नवऱ्याची, दिलीपची, मोठी बहीण, एमएस्सी झालेली, कॉलेजात शिकवणारी, बिनलग्नाची. तू मला "वन्सं" म्हणालीस आणि सगळं घर हसलं. अप्पा म्हणाले, "अगं पोरी, आमच्याकडं अक्का म्हणतात." तू लगेच अक्का म्हणायला लागलीस, आणि असं काही म्हणायला लागलीस की महिन्याभरात आख्ख्या बरकतपुऱ्यातल्या त्या गल्लीची मी अक्का झाले. जन्मल्यापासून मी त्या गल्लीत राहत होते. तोवर मला कुणी काही म्हणत नव्हतं.

अप्पा, माझे स्वतःचे वडील, माझ्याशी नोकरीबद्दल आणि पेन्शनबद्दल बोलायचे. तुझ्याशी ते शेताबद्दल बोलायचे, परभणीकडच्या त्या शेताबद्दल, जे मी कधी नीट पाहिलंही नाही. तू विचारायचीस म्हणून ते बोलायचे. विचारायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे मी चिक्कडपल्लीला फ्लॅट घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की कॉलेज जवळ पडतं. खरं कारण तुला कळलं असणार, कारण दर रविवारी जेवायला यायचंच अशी अट तूच घातलीस.

पण ते रोप माझं होतं, शैला. निदान तेवढं तरी कबूल कर.

शहराबाहेरच्या एका तलावावर कॉलेजच्या मुलींना घेऊन गेले होते. गुडघाभर पाण्यात उतरून मी स्वतः ते ओंजळभर काढलं आणि रिकाम्या लोणच्याच्या बरणीत घातलं. प्रॅक्टिकल झालं, उरलेलं फेकवेना, म्हणून रविवारी येताना बरणी घेऊन आले. गच्चीवर तू निळा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून त्याचा टप केला होतास, त्यात तुझी कमळं होती. त्यात मी बरणी उपडी केली. म्हटलं, "हे शेवाळ समजू नकोस. ही फुलझाडाची जात आहे आणि मांसाहारी आहे." तू टपात वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, "अप्पांना सांगू नका हां, आज शनिवार नाहीये म्हणून ठीक, पण शनिवारीही खाणार ना ती?"

युट्रिक्युलेरिया हे नाव तुला मी तीनदा सांगितलं. तू तिला पहिल्या दिवसापासून "पिशवीवाली" म्हणालीस, आणि मग घरात, गल्लीत, सगळीकडे तेच नाव झालं.

मी तुला तिथेच उभं राहून शिकवलं होतं, आठवतं? हिला मूळ नाही. पाण्यात नुसते हिरवे धागे तरंगतात आणि धाग्यांना मोहरीएवढ्या पिशव्या लागतात. पिशवी आतलं पाणी हळूहळू बाहेर टाकते, तशा तिच्या भिंती आत ओढल्या जातात आणि दार घट्ट मिटलेलं राहतं. दारापाशी केस असतात. पाण्यातली एखादी बारीक पिसू किंवा डासाची अळी त्या केसाला लागली, की दार आत उघडतं, भिंती बाहेर येतात, पाणी अळीसकट आत खेचलं जातं आणि दार बंद. हे सगळं इतक्या झटक्यात होतं की पापणी लवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मग आत पाचक रस सुटतात, आणि इकडे पिशवी पुन्हा पाणी उपसायला लागते.

हे सांगायला मला वर्गात एक पूर्ण तास आणि फळाभर आकृत्या लागायच्या. पुढच्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थिनी घरी आल्या होत्या, त्यांना तू गच्चीवर नेलंस. मी मागून जिना चढत होते. तुझा आवाज आला, "अगं, लग्नाच्या फोटोत पोट आत घेऊन उभी राहिलेली बाई पाहिलीयेस ना? ही दिवसभर तशीच उभी असते. कुणी गुदगुली केली की संपलं." मुली हसत सुटल्या. आत दाब कमी कसा होतो आणि भिंती ताणलेल्या का राहतात, हे त्या दोघींना पुन्हा कधी विचारावं लागलं नाही.

मी जिन्यातच थांबले. हातात तुम्हा सगळ्यांचा चहा होता. मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, ही बारावी पास बाई आहे, पुण्याच्या कुठल्याशा शाळेतून, आणि हिला हे कसं सुचलं.

आणि पुढची सगळी वर्षं, निवृत्तीपर्यंत, मी वर्गात ते वाक्य वापरलं. फोटोतली बाई. प्रत्येक वर्षी मुली हसल्या. प्रत्येक वर्षी मी ते माझंच असल्यासारखं म्हटलं. हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतेय.

मग म्युनिसिपालिटीचा यादगिरी आला. डेंग्यूचा हंगाम होता, गच्च्या तपासत होते. मी त्या दिवशी तिथेच होते. टप बघून तो म्हणाला, "अम्मा, ये पानी फेंकना पडता. मच्छर होते इसमें." पुण्याहून आलेली तू, कमरेला पदर खोचून त्याला म्हणालीस, "नक्को भई, पैले देखो तो सही. मच्छर कू खाती ये." माझ्या हातातलं भिंग काढून घेतलंस आणि त्याच्या डोळ्याला लावलंस. माझं भिंग, शैला, माझ्या सरांनी मला दिलेलं. एका पिशवीत अळी शेपटीपासून अर्धी आत गेलेली होती आणि अर्धी बाहेर वळवळत होती. यादगिरी दहा मिनिटं उठला नाही. जाताना म्हणाला, "हौला नहीं बनारे तुम मेरे कू अम्मा, सच्ची खाती." तू त्याला वेड्यात काढत नव्हतीस हे त्याला पटलं, आणि टप वाचला. भिंग मला परत मिळालं नाही. मी मागितलं नाही आणि तू दिलं नाहीस, आणि चार रविवार मी त्याच्यावर धुसफुसत राहिले.

आता वादाकडे येते. त्यासाठीच तर लिहायला बसले.

रविवार होता. कढी-खिचडी झाली होती, आपण सगळे टेबलाशी होतो. तू सहज म्हणालीस, "अक्का, काही पिशव्या कुणी हात न लावताच उघडतात." मी म्हटलं, "शक्य नाही. केसाला स्पर्श झाल्याशिवाय दार उघडत नाही." तू म्हणालीस, "मी पाहिलं ना. चपटी होती, बघता बघता टुम्म फुगली. जवळ कुणी नव्हतं." मी म्हटलं, "तुला दिसणार नाही असा बारीक जीव असेल." तू मान डोलावलीस. पुढच्या रविवारी म्हणालीस, "अक्का, अप्पांच्या जुन्या धोतराचं चौपदरी फडकं करून वाटीत पाणी गाळलं. तरी उघडली." मी म्हटलं, "खालून ट्रक गेला असेल. वाटी हलली असेल." त्याच्या पुढच्या रविवारी तू काचेची वाटी घडी केलेल्या टॉवेलवर ठेवली होतीस, आणि तीही देवघराच्या ओट्यावर, कारण घरात तेवढा एकच ओटा हलत नाही. "तरी उघडली अक्का." मी विचारलं, "किती वेळाने?" तू म्हणालीस, "कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तेवढ्यात." मी सगळ्यांसमोर हसले. म्हटलं, "शास्त्रात शिट्ट्या चालत नाहीत, शैला." दिलीपही हसला. तू पण हसलीस, आणि सोमवारी जाऊन सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन आलीस.

मग मी शेवटचं काढलं. म्हटलं, "आणि एकटीनं पाहिलेलं शास्त्रात धरत नाहीत."

माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून मी ते म्हटलं. मी टोमणे मारत होते, शैला. तू ते सूचना समजून लिहून घेत होतीस. हे मला काल वही उघडल्यावर कळलं.

त्या आधी एक गोष्ट. साधारण चार वर्षांपूर्वी, घरी रिकामी बसलेली असताना, टॅबवर काही वाचत होते. परदेशातल्या संशोधकांनी पिशव्यांवर कॅमेरे लावून तासन्‌तास पाहिलं होतं. काहीही स्पर्श न होता पिशव्या उघडतात. पाणी उपसता उपसता ताण इतका वाढतो की दार स्वतःच हार मानतं. एखादी पिशवी ठरावीक वेळाने, एखादी लहर लागेल तशी. तिथे हे चित्रांसकट दिलेलं होतं.

तू बरोबर होतीस. धोतराच्या फडक्याने आणि टॉवेलवरच्या वाटीने तुला जे दिसलं ते बरोबर होतं.

मी टॅब बंद केला. म्हटलं, रविवारी सांगू. रविवारी तू दारातच म्हणालीस, "अक्का, आज तुमच्या आवडीची भोकराची भाजी आहे," आणि मी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. दोनशे रविवार तरी मी तुझ्या हातचं जेवले आणि तुझं बरोबर होतं हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. तीस वर्षं मी पोरींना सांगत आले होते की स्पर्शाशिवाय दार उघडत नाही. ते चुकलं याचं मला तितकं काही वाटलं नसतं, पुस्तकं चुकतात. पण ते तुझ्यापुढे चुकलं, आणि तू बारावी पास. बाकी सगळं तर तुझंच होतं. अप्पा तुझे, दिलीप तुझा, मीरा तुझी, गल्ली तुझी. माझ्याजवळ एवढंच होतं की मला माहीत असतं. तेही तुला कसं देऊ?

आणि त्यानंतर तू माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागलीस. गेली तीन वर्षं. "अक्का, भाऽत वाढू?" असं, माझ्या समोर येऊन, तोंडाकडे बघत. दिलीपशी तू हळू बोलायचीस. मला वाटायचं हिला आता माझा धाक राहिला नाही. एकदा मी बोललेही, "ओरडतेस काय, मी काय खेड्यातून आलेय का?" पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

हे सुरू झालं त्याच्या आधीचा दिवस मला पक्का आठवतो. तू गच्चीवर मला हाक मारलीस. टपातला एक लांब धागा दोन्ही हातांनी पाण्याबाहेर काढलास आणि माझ्या कानाशी धरलास. म्हणालीस, "ऐका." पाण्याबाहेर काढलं की सगळ्या पिशव्या एकेक करून सुटतात, पाण्याऐवजी हवा ओढतात, आणि बारीक तडतड ऐकू येते. मला हे वाचून माहीत होतं. मी ऐकलं. काही ऐकू आलं नाही. तू माझ्याकडे अशी बघत होतीस, जशा पोरी निकालाच्या दिवशी बघायच्या. मी म्हटलं, "काही नाही. तुझ्या मनाचे खेळ." तू धागा परत पाण्यात सोडलास. हवा भरलेल्या पिशव्या काळपट दिसायला लागल्या, त्या पुन्हा कामाच्या राहत नाहीत. तू खाली निघून गेलीस. मला वाटलं तुला राग आला.

मी खोटं बोलत नव्हते, शैला. मला खरंच ऐकू आलं नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून मला टेलिफोनची रिंग नीट ऐकू यायची नाही, वर्गातल्या शेवटच्या बाकावरचं बोलणं कळायचं नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुला तर मुळीच नाही.

काल चिक्कडपल्लीला घरी आले, दिवा लावला आणि तुझी वही उघडली. दोनशे पानी, वर पुठ्ठा, आतून तू ब्राऊन पेपर लावलेला. पहिलं पान. तुझ्या अक्षरात नऊ वर्षांपूर्वीची तारीख, वेळ, पाणी कसं गाळलं, वाटी कशावर ठेवली. खाली एक आकृती, पेन्सिलीनं, बाजूला बाण काढून नावं दिलेली. आणि तुझ्या त्या आकृतीवर तिरपं, लाल शाईत, माझ्या अक्षरात: पुन्हा करा.

मला हे आठवतच नव्हतं. रात्रभर डोक्याला ताण दिला तेव्हा कुठे अंधूक आठवलं. मी पोरींची रेकॉर्ड बुकं घरी आणून तपासायचे. एका रविवारी ढीग तुमच्या टेबलावर होता, मी सह्या करत होते, आणि तू हसत हसत तुझी वही त्या ढिगात सरकवलीस. मी उघडली, बघितलं नाही, लाल पेनानं लिहिलं आणि परत दिली. हजारो पोरींच्या पानांवर मी न वाचता सही केली आहे. तुझ्या पानावर सही करायला माझा हात गेला नाही. चेष्टा होती असं मी आत्ता म्हणू शकते. तेव्हा ती चेष्टा नव्हती.

आणि तू ते पुन्हा केलंस. पुन्हा केलंस म्हणजे किती वेळा, शैला? वही जवळजवळ संपलेली आहे. पानोपानी तारीख, वेळ, आणि घड्याळ आल्यापासून सेकंदही. माझी प्रत्येक हरकत कधी आली ते तू समासात लिहून ठेवलं आहेस: "अक्का म्हणतात बारीक जीव असेल." "अक्का म्हणतात ट्रक." आणि त्या त्या पानापासून तुझी पद्धत बदलत गेली आहे. पाणी गाळायचं फडकं आधी दोनपदरी, मग चौपदरी. "एकटीनं पाहिलेलं धरत नाहीत" या वाक्यानंतर एक नवा रकाना सुरू होतो: सोबत कोणी पाहिलं. त्यात खालच्या अम्मांची तेलुगू सही आहे, सतरा वेळा. यादगिरीची आहे, दोनदा. म्हणजे तो नंतरही येत होता, नुसतं बघायला, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. मला त्या यादगिरीचाही हेवा वाटला. मीराची एक सही आहे, शाळेतल्या वळणाची. दिलीपची एकही नाही, त्यावर मला जरा बरं वाटलं.

आणि प्रत्येक पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात तू लिहिलं आहेस: तपासले. पुढे एक टिंबांची रेघ. जशी माझ्या पोरींच्या रेकॉर्ड बुकांत असायची. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती जागा तू माझ्यासाठी ठेवलीस, आणि एकदाही ती वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली नाहीस. दर रविवारी ती त्याच घरात कुठेतरी कपाटात असणार, आणि मी टेबलाशी भोकराची भाजी खात असणार.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं पानही आहे. त्यावर वेळ वगैरे काही नाही. एवढंच लिहिलं आहे: "अक्कांना आवाज आला नाही. कान तपासून घ्या म्हणायचं, पण चारचौघांत नको, त्यांना आवडायचं नाही. तोवर आपणच जरा मोठ्यानं बोलायचं."

मी ते पान बंद केलं. मला तुझा इतका राग आला शैला, की तू समोर असतीस तर भांडले असते. चांगलं असायलाही काही मर्यादा असावी. मी चार वर्षं तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आणि मला वाटत होतं की तेवढं एक तरी माझ्या हातात आहे. त्यातली तीन वर्षं तू माझी एक गोष्ट माझ्यापासून लपवलीस, आणि तीसुद्धा माझ्याच भल्यासाठी. यातही तू पुढे.

आज सकाळी बरकतपुऱ्याला गेले. दिलीप गच्चीच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "अक्का, मीरा म्हणायलीय मी तिच्याकडं राहायला यावं. हे घर भाड्यानं देऊ. त्या टपाचं काय करायचं? तुला नेता येतंय का?" मी म्हटलं, टप नाही, रोप नेते. स्टीलच्या डब्यात टपातलंच पाणी घेतलं आणि एक लांबसा धागा त्यात सोडला, पाण्याबाहेर न काढता. दिलीपनं विचारलं, "जगेल का गं?" मी त्याला सांगितलं की ही पुढच्या टोकाला वाढत जाते आणि मागच्या टोकाला कुजत जाते, मुळं नाहीत, त्यामुळे कुठल्याही पाण्यात तरंगेल. तो म्हणाला, "शैला पण असंच सांगायची." मी म्हटलं, मीच तिला सांगितलं होतं. सवय जात नाही बघ.

तुझं भिंग, म्हणजे माझं भिंग, देवघराच्या ओट्यावर होतं. ते आणलं. अप्पांच्या धोतराचं ते फडकं तिथेच वाळत होतं. कुणी काढलंच नव्हतं. तेही आणलं.

माझ्या घरात न हलणारी जागा शोधायला अर्धा तास गेला. शेवटी न्हाणीघराच्या कट्ट्यावर टॉवेल घडी करून ठेवला, त्यावर काचेची वाटी, वाटीत चौपदरी फडक्यानं दोनदा गाळलेलं पाणी. धाग्याचा एक तुकडा त्यात सोडला, अकरा पिशव्यांचा. त्या सगळ्या चपट्या होईपर्यंत थांबले. मग स्टूल घेऊन भिंग लावून बसले. हे मी याआधी कधी केलेलं नाही, शैला. तीस वर्षं शिकवलं, पेट्रीडिश हातात फिरवली, पण एका पिशवीकडे पाच मिनिटांच्या वर बघत बसले नाही. तशी वेळच आली नाही, कारण काय होणार ते मला माहीत होतं.

एक्केचाळीस मिनिटं झाली. पाठ दुखायला लागली. बाहेर भाजीवाला ओरडून गेला असेल, मला काही ऐकू आलं नाही. टोकापासूनची चौथी पिशवी चपटी होती. मग ती फुगलेली होती. मध्ये काही दिसलंच नाही. जवळ काही नव्हतं, वाटी हलली नव्हती, मी श्वाससुद्धा धरलेला होता.

माझ्या तोंडून "शैला" असं निघालं. मोठ्यानं. न्हाणीघरात.

आणि मग, खरं सांगते, पहिला विचार आला तो हाच, की हे तू नऊ वर्षं आधी पाहिलंस. अशा किती सकाळी तुझ्या वाट्याला आल्या आणि मला ही एक. डोळे पुसायच्या आधी हे वाटलं. तू गेल्यावर मी एका रात्रीत बरी बाई होईन अशी तुझी अपेक्षा नसेलच.

वहीत शेवटची चार पानं कोरी आहेत. त्यातलं पहिलं घेतलं. तुझ्याच पद्धतीनं तारीख लिहिली, वेळ, सेकंद, चौपदरी फडकं, दोनदा गाळलं, न्हाणीघराचा कट्टा. निरीक्षण: चौथी पिशवी, स्पर्शाशिवाय, आपोआप उघडली. समासात लिहिलं: "शैला म्हणाली होती." सोबत कोणी पाहिलं, या रकान्यात काही नाही लिहिता आलं. एकटीनं पाहिलेलं धरत नाहीत, मीच म्हटलं होतं. कान तपासायला सोमवारी जाईन, तेही त्याच पानावर लिहून ठेवलं, म्हणजे मागे हटता येणार नाही.

मग सवयीनं पेन उजव्या कोपऱ्यात गेलं, सही करायला. थांबले. तुझ्या मागच्या पानांवर मी सही केलेली नाही, करणारही नाही. मी तपासणारी कोण, आत्ता कुठे एक पिशवी पाहिलीय. माझ्या पानावर मात्र तुझ्यासारखंच लिहिलं आहे, तपासले, आणि पुढे टिंबांची रेघ. ती जागा तुझी. चुकलं असेल तर लाल शाईत लिही, पुन्हा करा. मी करीन.